सुकरूदादाला घरी नेताना

सुकरूदादा, आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं सगळं नंतर. तू मृगल निघालास! कतला नाही, रोहूसुद्धा नाही. वीतभर लांबीचा, पातळ ओठांचा मृगल. तळ्याच्या बुडाशी चिखल चाळत फिरतो आणि बाजारात ज्याला कोणी आधी हात लावत नाही, तो. मी तर मनात कतला धरूनच बसले होते यार. एवढा मोठा माणूस, वरच्या पाण्यातला मोठ्या डोक्याचाच मासा येणार ना! तुझी बहीण मैना म्हणाली, "तो कधी वरच्या पाण्यात राहिला का, सांग मले." आणि मी रडता रडता फिस्सकन हसले.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना वाटेल, हिचं डोकं फिरलंय. फिरलेलं नाहीये. सगळं क्रमाने सांगते. तुझा ताप आणि हॉस्पिटलचे ते चार दिवस मात्र सोडून देते. ते बाबांनी फोनवर इतक्या लोकांना सांगितलंय की आता मला त्यात तू दिसतच नाहीस.

मला तू दिसतोस आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, रविवारी, जमिनीवर मांडी घालून. महाराष्ट्रातून कलेक्टर व्हायला आलेली मुलं बाबांना कुठेही भेटायची, बसमध्ये, बँकेत, आणि बाबा त्यांना जेवायला घेऊन यायचे. आई म्हणायची, "माणसं मोजून आणत जा हो, कणीक मोजून भिजवते मी." तुम्ही पाच जण होतात. चौघं पॉलिटिक्सवर भांडायचे. तू भात कालवत बसायचास. मी अकरावीत होते आणि मला सगळ्यांना सगळं विचारायचं असायचं.

"तुझं गाव कुठे?"

"कुरखेड्याच्या पुढे. गडचिरोली. गोंडांचं गाव आहे. धान आणि बोडी."

"बोडी म्हणजे?"

"शेताच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी अडवतात ते तळं. त्याच्यावर खालचं धान पिकतं. ढोरं पाणी पितात. पोरं पोहतात. काय गं दिल्लीवाली, मराठी आहेस ना?"

"अच्छा, म्हणजे स्विमिंग पूल."

तू इतका हसलास की आईला वाटलं ठसका लागला.

मग दोन वेळा परीक्षा झाली, दोन्ही वेळा थोडक्यात गेली, आणि तू यायचा बंद झालास. बाबा रिटायर झाले. आम्ही गुडगावला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो, मेट्रो नुकतीच इथपर्यंत पोचली होती. बाल्कनीतून दोन अर्धवट टॉवर दिसायचे आणि त्यांच्या मधोमध, कोणीतरी विसरून गेल्यासारखं, जुन्या गावाचं हिरवं तळं. इथे जोहड म्हणतात. एका सकाळी ब्रश करता करता बघते तर तळ्यात कंबरेएवढ्या पाण्यात एक माणूस उभा, हात कोपरापर्यंत बुडवलेला, अगदी स्तब्ध. मी ब्रशसकट लिफ्टने खाली. तू होतास!

"हे काय करतोयस?"

"थांब. माझा तळवा दिसतो का बघतोय."

बुडवलेल्या हाताचा तळवा वरून स्पष्ट दिसला तर पाणी उपाशी आहे, थोडं शेण घालायचं. दिसेनासा झाला तर पाण्यात माशांचं खाणं तयार आहे, आता काही घालायचं नाही. एवढंच. ना मशीन, ना लॅब. मी पण हात घातला. मला तर नुसतं घाणेरडं पाणी वाटत होतं. तू म्हणालास, "घाण नाही गं, पिकलंय. माशाला भरवायचं नसतं, पाण्याला भरवायचं. मासा आपला आपण जेवतो." त्या दिवसापासून बाल्कनीतला माझा व्ह्यूच बदलला. लोक मॉल दाखवायला पाहुण्यांना घेऊन जायचे, मी तुझं तळं दाखवायला आणायचे.

तळं गावाचं होतं आणि गाव पक्कं शाकाहारी. तरी ताऊंनी, म्हणजे पंचायतीतल्या त्या हुक्केवाल्या म्हाताऱ्यांनी, तुला त्यात मासे पाळायला दिले. मी विचारलं होतं त्यांना, ताऊ, चालतं का तुम्हाला? ते म्हणाले, "छोरी, खावां तो हम कोनी. पर पाळण में के हरज सै? म्हारा जोहड जिंदा तो रह्या."

आणि तू अंडी दाखवलीस ती सकाळ! कापडाच्या टाकीत लाखो अंडी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी, गोल, पारदर्शक. तू एक बशीत घेऊन उन्हात धरलंस. आत एक रेघ होती. ती रेघ हलली. मी किंचाळले. पुन्हा हलली, गर्रकन वळली, जशी काही कूस बदलतेय. तू नुसती बशी धरून होतास, आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की हे तू शंभर वेळा पाहिलं असशील तरी तुलाही आत्ता पहिल्यांदाच दिसतंय. मला आयुष्यात देवळात असं कधी झालेलं नाही. खरंच सांगते.

आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गार्ड तुझ्याच भागातला निघाला, आठवतं? मोठ्या मापाचा युनिफॉर्म, एकोणीस वर्षांचा पोरगा. तू गेटवर सही करता करता त्याच्याशी गोंडीत बोललास आणि तो सलाम करायचाच विसरला. ठेकेदाराने गाडी भरून आणलेली पोरं होती ती, बारा-बारा तास उभी. सुट्टीच्या दिवशी तू त्यांना तळ्यावर न्यायला लागलास. जाळं कसं धरायचं, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कशी निवडायची, पाणी कसं ओळखायचं. सहा महिन्यांनी एकेकाला म्हणायचास, "आता गावी जा. बोडी तिथेच आहे, फक्त तिच्यात कोणी हात घालत नाही." गेटवर नवा चेहरा दिसला की मी समजायचे, अजून एक जण बोडीवर गेला. मग गावाकडून मुलीही यायला लागल्या शिकायला, सगळ्यांत आधी तुझी बहीण मैना. मैना सोडून नऊ जण झाले. नऊ जणांच्या नऊ बोड्या, खाद्य घरचंच, कोंडा आणि शेण, बाहेरून आणायचं काही नाही.

आणि मी काय केलं? मी टॉवरमध्ये नोकरीला लागले आणि तुझ्यासाठी प्रेझेंटेशन केलं. एका कंपनीला पैसे द्यायचे होते. एक वर्ष, शंभर गावं. पंगास मासा, पटापट वाढणारा, गोळीखाद्य, हवा मारायची यंत्रं. मी किती एक्साइटेड होते! तू सगळ्या स्लाइड शांतपणे बघितल्यास आणि म्हणालास, "गोळ्या कुठून येणार?"

"कंपनी देईल ना."

"आणि कंपनीने बंद केल्या तर?"

"दादा, तू आधीच निगेटिव्ह का होतोस?"

"त्याच बोडीतून धानाला पाणी जातं. त्याच बोडीत ढोर तोंड घालतं. ती गोळीच्या भरवशावर ठेवून चालणार नाही गं. मृगल टाकू, रोहू टाकू, थोडा कतला. हळू वाढतात, पण आपले आपण वाढतात."

"हळू, हळू, हळू! तुला मोठं व्हायचंच नाहीये. परीक्षेत पण हेच झालं असणार."

हे मी बोलले. आपलं शेवटचं खरं बोलणं हे आहे. तू काही रागावला नाहीस, लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलंस आणि "चहा घेतेस?" विचारलंस, आणि मी नको म्हणून निघून गेले. मग तुला ताप आला. हॉस्पिटलमध्ये मी रोज येऊन बसायचे, आणि दादा, चार दिवस मी फक्त औषधांबद्दल बोलले.

अंत्यविधी इथेच करावे लागले. तुझे बाबा आले नाहीत. मैना आली, एकटी, हातात एक रिकामा गुंड घेऊन. गुंड म्हणजे कळशी, हे मला तिने सांगितलं. आणि मग तो कशाला आणला, तेही.  तुमच्या घरची रीत आहे की माणूस गेला की पाण्याकाठी जाऊन त्याला नावाने हाक मारायची, आणि जो मासा हाती येईल त्यात तो असतो. त्याला घरी न्यायचं. घरी नेलं की तो पुन्हा घरच्यांत येतो, कधी ना कधी, कोणाच्या तरी पोटी. नाही नेलं तर बाहेरच राहतो.

मी म्हटलं, "मैना, इथे? गुडगावात?"

"मंग? त्यानं जिथं हात घातला तिथंच असेल ना तो."

सकाळचे अकरा वाजले होते. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिने हाक मारली. "सुकरू!" बारीक आवाजाची मुलगी, पण ती हाक दोन्ही टॉवरांवर आपटून परत आली. बांबूच्या परांचीवरचे मजूर वाकून बघायला लागले. दुसरी हाक. ताऊंनी हुक्का बाजूला ठेवला आणि उठून उभे राहिले. तिसरी हाक. मग तिने छोटं जाळं टाकलं, ओढलं, आणि त्यात तू होतास. एकटा. चंदेरी. तळ्यात इतके मासे असताना, यार, एकच.

ताऊ म्हणाले, "इब इसनै ले के सीधी घर जाइए बेटी, रास्ते में कितै मत रुकिए."

तर आता खरी गोष्ट. गुडगाव ते कुरखेड्याच्या पुढे, दीड दिवस, आणि मासा जिवंत पोचला पाहिजे. मैनाला त्याची चिंता नव्हती. तूच शिकवलं होतंस तिला. आदल्या दिवशी मासा कापडी जाळीत वेगळा ठेवायचा, काहीही खायला द्यायचं नाही, म्हणजे प्रवासात पाणी खराब होत नाही. मग प्लास्टिकची पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंड घट्ट बांधायचं. वर एक कॅन त्याच तळ्याचं पाणी, अडीअडचणीला. मी पण येते म्हटलं. ती म्हणाली, "ये."

आणि मी काय केलं माहितीये? पहाटे, निघायच्या आधी, मैना बॅग भरत होती तेव्हा मी तळ्यावर गेले आणि तुला कणकेच्या गोळ्या घातल्या. दिल्लीत वाढले ना मी. इथे मनाला काही लागलं की लोक हेच करतात, कणीक मळतात, गोळ्या करतात, माशांना घालतात, पाप धुतलं जातं म्हणतात. नियम मला माहीत होता. मी स्वतः शंभर वेळा ऐकलाय. पण तू तिथे होतास, आणि मला सॉरी म्हणायचं होतं, आणि रिकाम्या हाताने म्हणता येईना. तू सगळ्या खाल्ल्यास.

रेल्वेत ग्वाल्हेरपर्यंत सगळं ठीक होतं. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, खोकं मैनाच्या मांडीवर. झाशी गेल्यावर तिने झाकण उघडलं आणि पिशवी उजेडात धरली. पाणी गढूळ, दुधट. तू पिशवीच्या वरच्या टोकाला, तोंड उघडून, झाकून, उघडून. मृगल वर कधी येत नाही, दादा. मला माहीत होतं ते.

"तू याले काही खायला दिलं का?"

मी हो म्हणून मान हलवली.

"काय दिलं?"

"कणीक."

"काहून दिली?"

मी खोक्याचं झाकण धरून बसले.  मैना म्हणाली, "त्याच्या हाताखाली इतके दिस होती तू. आमच्या बोडीवरची बकरी तुझ्यापेक्षा जास्त शिकली." आणि लगेच कामाला लागली. पिशवी फोडली. ऑक्सिजन गेला तो गेला. गुंडात कॅनचं पाणी ओतलं, तुला त्यात घेतलं. म्हणाली, आता हवा आपणच द्यायची, पाणी उंचावरून ओतत राहायचं, थांबायचं नाही. थांबलो की गेला.

एक पेला घेतला. गुंडातलं पाणी भरायचं, वर न्यायचं, धार धरून ओतायचं, चहा गार करतात तसं. भरायचं, ओतायचं. बाहेर ऊन, गाडी धावतेय, आमचे हात भरून आलेले. समोरच्या बाकावर एक सरदारजी काका आणि काकू होत्या, वर एक सुट्टीवर निघालेला फौजी, दाराशी दोन कॉलेजची मुलं. सगळे बघत होते. काकूंनी शेवटी विचारलं, "बेटा, मछली बीमार है क्या?"

मी काहीतरी प्रोजेक्ट वगैरे सांगणार होते. मैना मान वर न करता म्हणाली, "मछली नहीं है जी. भाई है मेरा. घर ले जा रहे हैं."

 मला वाटलं, आता सगळे हसणार. नाहीतर टीसीला बोलावणार. काकांनी बाह्या सरसावल्या, हात पुढे केला आणि म्हणाले, "लाओ पुत्तर. अब मेरी बारी."

दादा, त्यानंतर काय झालं ते तू आतून पाहिलं असशील, पण मला सांगायचंच आहे. काका थकले तर फौजी खाली उतरला. त्याने वेळ लावून सगळ्यांच्या पाळ्या ठरवल्या, बिल्कुल ड्युटीसारख्या. कॉलेजच्या मुलांनी दुसरा पेला आणला, म्हणजे धार तुटायला नको. काकू मध्येमध्ये वाकून "हां, साँस ले रहा है, ले रहा है" अशी बातमी द्यायच्या. चहावाला आला, थांबला, "एक बार मैं भी डालूँ?" म्हणाला आणि किटली खाली ठेवून त्याने अशी लांब धार सोडली की सगळ्यांनी वाहवा केली. कोणी विचारलं नाही की असं कसं असेल. कोणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, हे खरं की खोटं विचारलं नाही. भोपाळ गेलं, इटारसी गेलं. इटारसीनंतर कधीतरी तू खाली गेलास. गुंडाच्या बुडाशी, जिथे मृगल असतो तिथे. काकू रडायला लागल्या.

मला पहिल्यांदाच वाटलं की शंभर गावांचं जे काही मला हवं होतं, ते असं असतं. स्लाइडवर ते नव्हतं.

नागपूरला तुझ्या मावसभावाकडे पोचलो. त्याच्याकडे माशांच्या काचपेटीचा हवेचा पंप होता, तो सकाळपर्यंत लावला. मग एसटी, मग दुसरी एसटी, मग पायी. आणि मग तुझी बोडी. मी किती वेळा कल्पना केली होती, तरी एवढी सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. मोहाची झाडं, पाणी अडवणारी मातीची पाळ, खाली कापणी झालेलं धान, आणि पाणी, पिकलेलं, हिरवं. नऊच्या नऊ जण उभे होते. आमच्या गेटवरचा तो पहिला गार्ड पण. त्याचा शर्ट आता त्याच्या मापाचा होता.

आणि तुझे बाबा आले होते. मैना कानात म्हणाली, तू परीक्षा सोडलीस तेव्हापासून ते या पाळीवर चढले नव्हते. पोरगा साहेब होणार म्हणून त्यांनी गावभर सांगितलं होतं, आणि तू चिखलात उतरलास. आता ते तिथे हात मागे बांधून उभे होते, पाण्याकडे न बघता.

मैनाने गुंड तसाच पाण्यात ठेवला, तरंगता. गुंडातलं पाणी गार, बोडीचं कोमट, एकदम सोडलं तर झटका बसतो. अर्धा तास. मी दर मिनिटाला विचारत होते, झालं का, आता झालं का. ती अधूनमधून ओंजळभर बोडीचं पाणी गुंडात घालत होती.  मी हळूच विचारलं, "मैना, हा उद्या जाळ्यात आला तर?"

"तर खाऊ. घरच्यांनी खाल्ला तर चांगलंच. घरातच येतो मंग."

मग तिने गुंड आडवा केला. तू बाहेर येईनास. तोंडाशी थांबलास, कल्ले हलवत. मी हात पुढे केला ढकलायला आणि मागे घेतला. थांबले. मला जमतं, दादा, बघ. तुला सॉरी मी तेव्हा म्हटलं, मनातल्या मनात, आणि हातात काहीही नव्हतं.

पाण्यावर एक गोल उमटला आणि गुंड रिकामा होता.

"गेला?" तुझ्या बाबांनी विचारलं. त्या दिवसातला त्यांचा पहिला शब्द.

"नाई बाबा," मैना म्हणाली. "आला."

ते बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिले, तो मोडून पाणी सपाट झालं तरी. मग नऊ जणांपैकी कोणालातरी उद्देशून त्यांनी विचारलं, "हा मासा मोठा व्हायले किती दिस लागते?"

गेटवरचा तो पोरगा म्हणाला, "किलोभर व्हायले वरीस जाते, काका. हळू वाढते हा."

"वरीस," ते म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, पाळीवर नीट शेजारी शेजारी ठेवल्या, आणि पाण्यात उतरायला त्या पोराकडे हात मागितला.